कोंडा नव्हे, कोरड!

बाळासाहेब आगट्यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझ्या खांद्यावर मारलेल्या फुंकरीमुळे.

आम्ही नुकतेच राजापूरकडून डोंबिवलीला राहायला आलो होतो. तात्या, आई, धाकटी बहीण कुसुम आणि मी. डोंबिवली तेव्हा गावच होतं. स्टेशनातून बाहेर पडलं की थोडी घरं, दोन-चार चाळी आणि मग थेट मानपाड्यापर्यंत भातशेती. मला मुंबईत एका विमा कंपनीत नोकरी लागली होती आणि नोकरीबरोबर आयुष्यातला पहिला काळा कोट आला होता. तो घालून मी स्टेशनच्या बाकावर मोठ्या रुबाबात बसलो होतो. शेजारी एक चाळिशीचे गृहस्थ येऊन टेकले. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात जेवणाचा डबा. ते माझ्याकडे पाहत नव्हते, माझ्या खांद्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहून त्यांनी मान वाकवली, गाल फुगवले आणि अशी सणसणीत फुंकर मारली की मी बाकावरून ताडकन उभाच राहिलो.

"उडाला!" ते आनंदानं ओरडले. "अहो, अभिनंदन! उडाला!"

"काय उडाला?"

"तुमच्या खांद्यावरचा भुसा. उडाला म्हणजे कोंडा नव्हे. नुसती कोरड आहे. बसा, बसा. जरा पोटरी दाखवा बघू."

अनोळखी माणसानं पोटरी मागितली तर शहाणा माणूस काय करील? मी विजार वर केली. का केली ते आजही सांगता येत नाही. त्यांच्या आवाजात एवढी उत्सुकता होती की नाही म्हणणं जिवावर आलं. त्यांनी नखानं पोटरीवर एक रेघ ओढली. पांढरी फटक रेघ उमटली.

"बघा! पाटीवर खडूनं ओढल्यासारखी! ज्याची पोटरी कोरडी, त्याचं डोकं कोरडं. इथल्या विहिरींचं पाणी जड आहे. डाळ शिजत नाही त्यात, तुमचं डोकं काय मऊ राहणार! साबण लावता?"

"लावतो."

"डोक्याला?"

"हो."

"कपड्यांचा?"

मी विजार खाली केली. त्यांनी कपाळाला हात लावला. गाडी आली आणि हा विषय तिथंच संपला असं मला वाटलं. संध्याकाळी घरी परतलो तर गृहस्थ आमच्या ओटीवर बसून तात्यांच्या भुवया तपासत होते.

आगटे ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या चाळीच्या टोकाच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. कामात चोख, बोलायला गोड, आणि बाकी सगळ्या बाबतींत तुमच्याआमच्यासारखे. फक्त माणसाच्या डोक्यातून पांढरं काही पडताना दिसलं की त्यांच्या अंगात यायचं. त्यांचं म्हणणं असं, की सगळा महाराष्ट्र दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव देऊन बसला आहे. एक कोंडा आणि एक कोरड. कोरडीचा भुसा बारीक, पांढरा, पिठासारखा. डोक्याची कातडी ताणल्यासारखी वाटते आणि हातपायही फुटलेले असतात. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळट, तेलकट. केसांच्या मुळाशी धरून बसतात, खाज सुटते, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही उतरतात.

"आणि उपाय अगदी उलटे!" हे सांगताना ते उभेच राहायचे. "कोरडीला तेल हवं, कोंड्याला धुणं हवं. आणि आपले लोक करतात काय? कोरड्याला साबण घासतात आणि कोंडेवाल्याला तेलानं न्हाऊ घालतात! अनर्थ आहे हो, घरोघर अनर्थ चाललाय!"

त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात जुन्या छत्रीच्या कापडाचा एक चौकोन असे, कडा दुमडून शिवलेला. उजव्या खिशात पतंगाचा कागद. गिऱ्हाइकाला, म्हणजे जो तावडीत सापडेल त्याला, उन्हात बसवायचं, मांडीवर काळं कापड पसरायचं, केसांतून फणी फिरवायची. मग फुंकर. "उडाला तर कोरड, चिकटला तर कोंडा." शंका राहिलीच तर ते पापुद्रे पतंगाच्या कागदावर चिमटीनं दाबायचे. तेलाचा डाग पडला की निकाल लागला. हे सगळं ते फुकट करत आणि वर चहा पाजत.

कचेरीत नवे साहेब आले होते. कडक म्हणून त्यांची ख्याती. पहिल्याच दिवशी कागदांवर सह्या घ्यायला आगटे आत गेले आणि साहेबांच्या मागे जाऊन उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "काय पाहता?" आगटे म्हणाले, "साहेब, सही सावकाश करा, पण खिडकीकडे तोंड करून करा." बाहेर सगळ्या शाखेनं आगट्यांची बदली पक्की धरली. अर्ध्या तासानं दार उघडलं. साहेबांनी शिपायाला रिठे आणायला पाठवलं.

पण चाळीत मात्र त्यांना असा मान नव्हता. समोरच्या जोशीकाकू मुलांच्या डोक्यावर वाटी-वाटी तेल थापत. त्यांना आगट्यांनी, "काकू, हे तेल तुम्ही मुलांना नाही, कोंड्याला पाजताय," असं तोंडावर सांगितलं होतं. काकूंनी त्या दिवसापासून त्यांच्याकडे ताक पाठवणं बंद केलं. माझ्या आईनंही त्यांचं ऐकलं नाही. त्या थंडीत कुसुमच्या डोक्यातून फार भुसा पडायला लागला होता. आईच्या मते तो कोंडा आणि कोंडा म्हणजे घाण. ती कुसुमला एक दिवसाआड कढत पाण्यानं आणि साबणानं खसखसून न्हाऊ घाली. आगटे ओटीवरून विनवणी करत, "वहिनी, साबण थांबवा. पोरीच्या कोपराकडे बघा. कोरड आहे ती." आई म्हणे, "भाऊजी, चार घरच्या पोरी मी न्हाऊ घातल्यात. तुम्ही कचेरीतलं बघा."

आणि अशात कुसुमला बघायला कल्याणहून साने आले.

मुलगा श्रीधर, कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात रसायनं तपासायच्या खात्यात होता. चांगला उंच, हसरा. कुसुमला तो बघताक्षणी आवडला. हे तिनं मला डोळ्यांनी सांगितलं. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून आईनं तिला नवी काळी चंद्रकळा नेसवली होती. पोहे झाले, प्रश्न झाले, कुसुम पाया पडायला वाकली आणि मुलाच्या आईची, सानेबाईंची, नजर तिच्या खांद्यावर गेली. काळ्याभोर लुगड्यावर पिठी सांडल्यासारखं झालं होतं.

आठवड्याच्या आत मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी छान आहे, पण डोक्याला खवडे दिसतात. घरात लहान मुलं आहेत, तेव्हा क्षमा असावी.

खवडे! आईच्या हातातली पळी खाली पडली. नकाराचं दुःख होतंच, पण कल्याण-डोंबिवली-ठाणे अशा टीचभर मुलखात एकदा हा शब्द फिरला की पुढचं स्थळ दारात पाऊल टाकणार नव्हतं.  कुसुम डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात बसून राहिली. तिच्या डोक्याची इतकी आग होत होती की तिला फणी लावू देववत नव्हती.

मी आगट्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी चढवली, दोन्ही खिसे चाचपले आणि म्हणाले, "चला कल्याणला!"

"अहो, पण काय सांगणार त्यांना?"

"सांगणार नाही. दाखवणार!"

रविवारी सकाळी आम्ही दोघं कल्याणला सान्यांच्या माडीवर हजर झालो. तात्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. श्रीधरचे वडील अण्णा पोहे खात बसले होते. सानेबाई दारात उभ्या राहिल्या. श्रीधर खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होता.

"मी मुलीचा काका," आगट्यांनी बेधडक ठोकून दिलं.

"हे पाहा," सानेबाई म्हणाल्या, "मुलीला आम्ही नावं ठेवत नाही. पण खवडे म्हणजे संसर्ग. माझ्या मोठ्या सुनेची तान्ही पोरं आहेत घरात."

"अगदी बरोबर बोललात. खवडे असते तर मीच हे लग्न होऊ दिलं नसतं. पण खवड्यात केस झडतात, चट्टे पडतात. पोरीच्या डोक्यात एक चट्टा नाही. हा कोंडासुद्धा नव्हे, बाई. ही कोरड आहे. तिच्या रुमालातून झाडलेला नमुना आणलाय."

 नमुन्याचं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांनी काडेपेटी काढली, बैठकीवर काळं कापड पसरलं आणि पेटी त्यावर उपडी केली. मग गुडघ्यांवर बसून गाल फुगवले.

"बघा हं!" ते म्हणाले आणि फुंकर मारली.

भुसा उडाला. इतका सुरेख उडाला की सरळ अण्णांच्या पोह्यांवर जाऊन बसला.

 अण्णांचा घास तोंडाशीच थांबला. आगटे मात्र हर्षभरानं उठून उभे राहिले. "उडाला! पाहिलंत? एक कण मागे राहिला नाही!"

श्रीधर खो खो हसत सुटला. त्याच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. आगट्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "जावईबापू, जरा उजेडात या."

तो बिचारा हसत हसत उजेडात आला. आगट्यांनी त्याच्या भुवया पाहिल्या, कानामागे पाहिलं, केसांतून फणी फिरवली. कापडावर चार मोठे पिवळट पापुद्रे पडले. फुंकर मारली. हलले नाहीत. आणखी जोरात मारली. तरी नाहीत.

"चिकटला!" आगट्यांनी जाहीर केलं. "मुलीला कोरड आहे आणि कोंडा आहे तो तुमच्या चिरंजीवांना."

"माझ्या श्रीधरला?" सानेबाई कडाडल्या. "अहो, रोज सकाळी मी स्वतः त्याच्या डोक्यावर तेल जिरवते! वाटीभर!"

"तिथंच तर घोटाळा झालाय!"

"म्हणजे तो तेलावरच पोसलाय म्हणा की," श्रीधर कापडावर वाकून म्हणाला. त्याच्या धंद्यातलं कुतूहल जागं झालं होतं. "काका, कागदावर डाग पडतो का बघू या?"

पण तेवढ्यात अण्णांनी ताटली खाली ठेवली आणि सानेबाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. आम्ही उतरलो. टांग्यात बसल्यावर मी म्हणालो, "संपलं सगळं. आता खवड्यांबरोबर वेडाचाही बोभाटा होणार." आगट्यांचे डोळे नुसते लकाकत होते. "मी बोललो," ते परत परत म्हणत होते. "कुणी डोळे वटारले तरी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा बोललो हो!" त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही.

निदान घरात एक फायदा झाला. आईची जिद्द त्या निरोपानं मोडली होती. तिनं कुसुमला आगट्यांच्या हवाली केलं. साबण बंद. आठवड्यातून एकदाच न्हाणं, तेही कोमट पाण्यानं आणि थोड्याशा शिकेकाईनं. आदल्या संध्याकाळी खोबरेल तेल बोटांच्या पेरांनी अलगद जिरवायचं, नखं लावायची नाहीत. "आणि एवढं करून महिनाभरात उतार पडला नाही, तर मी गाढव आणि तुम्ही डॉक्टरकडे," असं त्यांनी बजावलं. कुसुमची आग पहिल्या न्हाण्यानंतरच कमी झाली. दुसऱ्या न्हाण्यानंतर ती परत गुणगुणायला लागली.

पुढच्याच रविवारी मी ओटीवर आलो तर आगट्यांच्या दारात उन्हाला पाठ करून श्रीधर साने बसला होता! घरी मित्राकडे जातो असं सांगून आला होता. आगट्यांनी त्याचं तेल तोडलं, दर दोन-तीन दिवसांनी रिठ्याच्या पाण्यानं डोकं धुवायला सांगितलं आणि ठाण्याच्या एका केमिस्टकडून गंधक आणि सॅलिसिलिकचं मलम करवून दिलं. त्यानंतर तो दर रविवारी तपासून घ्यायला यायला लागला. इतक्या बारकाईनं तपासून घेणारा रोगी आगट्यांना कधी मिळाला नव्हता. ते खूश होते. त्याची नजर आमच्या दाराकडे असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कुसुमच्या मात्र होतं. एका रविवारी ती कळशी घेऊन विहिरीकडे निघाली आणि वाट वाकडी करून तिथं थांबली.

"काका, मलाही बघायचंय."

"काय गं?"

"ह्यांचा उडतो की चिकटतो ते. माझं भर माडीवर सगळ्यांनी बघितलं म्हणे!"

श्रीधर लाजेनं लाल झाला आणि त्यानं मुकाट्यानं डोकं पुढं केलं. कापडावर काहीच पडलं नाही. कुसुमनं तरी फुंकर मारलीच.

त्यानंतर सान्यांच्या घरात काय झालं ते श्रीधरनं पुढं सांगितलं. मुलाचं डोकं स्वच्छ झालेलं सानेबाईंना दिसत होतं. वाटीभर तेल तसंच राहत होतं. त्यांनी खोदून विचारलं, त्यानं खरं सांगितलं. दोन दिवस अबोला झाला. आणि फाल्गुनात एका दुपारी सानेबाई स्वतः आमच्याकडे आल्या.

"तीच चंद्रकळा नेसून ये," त्या कुसुमला म्हणाल्या.

कुसुम नेसून आली. बाईंनी तिला दारातल्या उन्हात उभं केलं. खांदे पाहिले, पाठ पाहिली. लुगडं काळंभोर. मग त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि कुसुमच्या खांद्यावर हळूच एक फुंकर मारली. चाळीतली सगळी माणसं दारादारांत उभी होती. आगटे पुढं आले.

"अहो बाई, असं नाही. गाल फुगवून!"

सानेबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या त्या थांबेचनात. वैशाखात लग्न झालं. पंगतीत आगटे वाढायला होते आणि वाढता वाढता वऱ्हाडाच्या भुवया बघत होते. जोशीकाकूंनी त्यांच्याकडे पुन्हा ताक पाठवायला सुरुवात केली.

लग्न आटोपलं आणि आगटे रजा काढून गावी गेले. त्यांचं गाव साताऱ्याकडे. तिथं त्यांचे चुलते आहेत इतकंच आम्हांला माहीत होतं. परतले ते आईला घेऊन. विधवेच्या लाल आलवणात गुंडाळलेली, लहानखुरी, सत्तरीची बाई. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. ती कुणाच्या नजरेला नजर देत नसे. आगटेही त्या दिवसापासून ओटीवर कमी दिसायला लागले. सुटीच्या दिवशी ते दार लोटून घरात बसत. चाळीत कुजबुज झाली, पण कुणी विचारायला गेलं नाही.

दिवाळसणाला कुसुम आणि श्रीधर आले. नरकचतुर्दशीच्या सकाळी आंघोळी-फराळ उरकले, चांगलं उजाडलं, आणि आम्ही तिघं ताट घेऊन आगट्यांकडे गेलो. दार नुसतं टेकलेलं होतं. कुसुमनं ढकललं.

मागच्या खोलीत पाटावर त्यांची आई बसली होती. डोक्यावर पदर नव्हता. बोटभर वाढलेले पांढरे केस, तेलानं चमकत होते. आगटे तिच्यामागे उकिडवे बसून डोक्यावर बोटं फिरवत होते.

बाईंनी दचकून पदर ओढला. "अगबाई! बाळ, माणसं आली रे!"

"येऊ देत. आपलीच आहेत."

आम्ही अवघडून दारातच उभे राहिलो. आगटे वर न बघता बोलायला लागले. "हा सात वर्षांचा असताना वडील गेले ना, तेव्हापासून काकांनी..." ते स्वतःबद्दल ‘हा’ म्हणाले आणि थांबले. पुढचं त्यांच्या आईनंच सांगितलं, हलक्या आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तसं.

"महिन्याच्या महिन्याला न्हावी येऊन डोकं भादरून जायचा. कातडी अशी तडतडायची, बाई, की झोप नसे. भेगा पडायच्या. तेलाला हात लावायचा नाही, तसं घरचं शास्त्रच होतं. हा देवघरातल्या समईचं तेल बोटांवर घेऊन यायचा आणि चोळायचा. एकदा थोरल्या भावोजींनी पाहिलं. फार मारलं ह्याला. मग मीच नको म्हटलं."

"काकांसमोर माझा आवाजच फुटत नसे," आगटे म्हणाले. "नोकरी लागल्यावर दर वर्षी जायचो. ह्या वर्षी आणीन, ह्या वर्षी आणीन. जायचो आणि पाया पडून परत यायचो. कल्याणला त्या माडीवर बोललो तेव्हा वाटलं, परक्यांसमोर बोलता येतं तर तिथं का नाही? गेलो आणि म्हणालो, आईला नेतो, आणि न्हाव्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा. एवढंच. काका काही बोललेच नाहीत हो! नुसते म्हातारे झाले होते."

कुसुमनं ताट खाली ठेवलं. ती पाटाजवळ जाऊन बसली आणि तिनं तो पदर हळूच मागं केला. बाईंनी अडवलं नाही. आगट्यांनी फणी घेतली.  दोनदा केस परत एकमेकांत मिसळले. तिसऱ्यांदा कपाळापासून मागपर्यंत एक बारीकशी वाट उमटली आणि तशीच राहिली.

"पडला!" ते ओरडले, सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्यानं. "आई, भांग पडला! भांग पडला गं तुझा!"

म्हातारीचा हात हळूहळू वर गेला. एका बोटानं तिनं ती रेघ कपाळापासून मागपर्यंत चाचपली. मग कुसुमकडे वळून, आम्हांला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तिनं विचारलं,

"सरळ आहे का गं?"